गुडघ्याच्या वर नाय

आमचे शेजारी गेनभाऊ पिकाची उंची गुडघ्याने मोजतात. घरात टेप आहे, काठी आहे, मुलाने कंपनीतून आणून दिलेली स्टीलची पट्टी आहे, पण नाही. धोतराचा सोगा एका हाताने वर धरायचा, रोपाला खेटून उभं राहायचं आणि शेंडा गुडघ्याच्या वाटीला कुठे टोचतो ते अजमावायचं. वाटीच्या खाली टोचला तर गेनभाऊ खूश. वाटीच्या वर एखादं पान जरी लागलं, तरी वाकून शेंडा खुडलाच म्हणून समजा. "गुडघ्याच्या वर नाय," असं त्या रोपाला बजावायचं आणि पुढच्या रोपाकडे सरकायचं. मापाला उजवाच गुडघा चालतो. डावा संधिवाताने सुजलेला असतो आणि गेनभाऊंचं म्हणणं असं की, "त्यो माप फुगवून सांगतो."

ही सवय त्यांनी वावरापुरती ठेवली असती तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण एका लग्नात मांडवाच्या दारात शोभेच्या कुंड्या मांडल्या होत्या, तर हे पाहुणे आहेर द्यायचा सोडून कुंडीतल्या झाडाला गुडघा लावून उभे. नवरीकडच्यांना वाटलं, म्हातारबाबांना चक्कर आली. त्यांनी धावत खुर्ची आणली, पाणी आणलं, एकाने कांदासुद्धा आणला. गेनभाऊ खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "झाड ब्येस हाय. पर शेंडा खुडा."

आमची वस्ती पिंपरी पेंढारच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून जरा आत आहे. रस्त्यावर फाटा, फाट्यावर एसटीची शेड आणि बाळूची चहाची टपरी. शेडला लागून माझा शेताचा लहानसा तुकडा, त्याच्यामागे गेनभाऊंचं वावर आणि वावराच्या मागे त्यांचं घर. घराला खेटून माझं घर. एवढा नकाशा ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातच घडलेलं आहे. मी शेतकरी नावाचाच. आळेफाट्याला माझं मोटारी आणि पंप दुरुस्त करायचं दुकान आहे, त्यामुळे लोकांच्या विहिरीचं पाणी मी चालू ठेवतो आणि माझा तुकडा मात्र बहुतेक वेळा तहानलेला असतो.

गेनभाऊ फुलवाले कसे झाले, हे अजून वस्तीला नीट पचलेलं नाही. कारण साठी उलटेपर्यंत हा माणूस ऊसवाला होता, आणि तोही कडवा. उसाशिवायच्या कुठल्याही पिकाला ते "पाला" म्हणायचे. टोमॅटो पाला, कांदा पाला, द्राक्ष म्हणजे "मांडवावरचा पाला". फुलांचं तर नावच काढायला नको. "फुलं लावनं म्हंजी बायकांचा नाद," असं ते टपरीवर सगळ्यांदेखत म्हणायचे. त्यांचा ऊस असा माजायचा की रस्त्यावरून त्यांचं घर आहे की नाही ते कळायचं नाही. पाहुणेमंडळी फाट्यावर उतरून "गेनभाऊंचं घर कुठंय" विचारायची आणि बाळू उसाकडे बोट दाखवून म्हणायचा, "आत."

असा माणूस एका वर्षी ऊस तोडून झाल्यावर पुन्हा फुटणारा खोडवा राखायचा सोडून सगळी खोडं उपटून बांधावर टाकतो आणि जाहीर करतो, "फुलं लावायची." पारूवहिनी, म्हणजे गेनभाऊंच्या कारभारीण, त्याच दिवशी माझ्या बायकोला येऊन म्हणाल्या, "ह्यांना कुनी तरी काय तरी केलंय गं." चाकणहून मुलगा आला. त्याने हिशेब मांडला, समजावलं, शेवटी वैतागून म्हणाला, "अण्णा, ह्या वयात फुलं?"

"ह्या वयात नाय तर कवा? मेल्यावर तुमी आनणारच हाय की, हार करून."

मुलगा गाडीला किक मारून परत गेला.

फुलांतलं गेनभाऊंना ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी शेवंतीला उसासारखं तुडुंब पाणी दिलं आणि मुळं कुजवली. नारायणगावच्या बाजूला एका नर्सरीत मी त्यांना घेऊन गेलो होतो. नर्सरीवाला बिचारा भला माणूस. त्याने निशिगंध दाखवला, ग्लॅडिओलस दाखवला, गुलाब दाखवला. गेनभाऊंचा प्रश्न एकच, "उंची किती व्हती?"

"कमरंला लागंल, बाबा!" नर्सरीवाला अभिमानाने म्हणाला.

"मग नको."

रोप चांगलं वाढतं म्हटल्यावर उठून जाणारं गिऱ्हाईक त्या माणसाने पहिल्यांदाच पाहिलं असणार. शेवटी शेवंती, झेंडू आणि गलांडा ठरला. तेसुद्धा शेंडे खुडायच्या अटीवर. पुण्याच्या फूलबाजारातला व्यापारी पहिल्यांदा म्हणाला की दांडा आखूड आहे. गेनभाऊ त्याच्यावर चढले, "देव फुल बघतो का दांडा बघतो?" व्यापाऱ्याने देवाकडे चौकशी करून सांगतो म्हटलं.

पुढे पारूवहिनींनी सगळं हातात घेतलं आणि संसार मार्गी लागला. खत, पाणी, औषध, तोडणी, बाजार, सगळं त्या बघतात. कुठला रंग नवरात्रात उठतो, कुठला लग्नसराईत, हे त्यांना तोंडपाठ झालंय. सून सुट्टीला आली की क्रेट भरू लागते. ज्या मुलाने हिशेब मांडला होता, तो आता चाकणहून ठिबकच्या नळ्या घेऊन येतो. गेनभाऊंकडे फक्त उंचीखातं आहे. ते मात्र त्यांनी कुणाला दिलेलं नाही.

आता दुसरी तऱ्हा सांगतो. संध्याकाळची एसटी यायची वेळ झाली की गेनभाऊ घरात जातात, धुतलेला सदरा घालतात आणि गुलाबी फेटा बांधतात. रोज. मग वावराच्या मधोमध येऊन उभे राहतात आणि हुकूम सोडतात, "बसून घ्या रं सगळी!" म्हणजे वावरात जो कोणी असेल त्याने खाली बसायचं. तोडणीच्या बायका बसतात, वहिनी बसतात, मी काही विचारायला गेलो असलो तर मीही बसतो. तमाशाच्या तंबूत मागचे लोक पुढच्यांवर ओरडतात ना, तसंच. गाडी फाट्यावर थांबते, निघते, वळणाआड जाते. मग गेनभाऊ म्हणतात, "उठा." गाडी येऊन जाईपर्यंत उभं राहायची परवानगी फक्त त्यांना.

ह्या सगळ्याला ते कारण देतात बिबट्याचं. आमच्या भागात बिबट्या हे कारण कशालाही चालतं. पोरगं शाळेत उशिरा जावो नाहीतर जावई सासुरवाडीला मुक्काम ठोको. "पीक बारकं आसलं की जनावर लपत न्हाई," असं गेनभाऊ सांगतात, आणि ते खरंही आहे. पण बिबट्याला भिणारा हा माणूस नव्हे. एकदा दिवस मावळताना झेंडूतून बिबट्या चालत गेला, तर हे घरात पळायचे सोडून त्याला म्हणाले म्हणे, "बसून घे." आणि तो बसला! ही गोष्ट टपरीवर निदान पन्नासदा सांगून झाली आहे. बिबट्या बसला हे मला पटत नाही, पण गेनभाऊ तसं म्हणाले असतील यात शंका नाही. मग जो बिबट्याला भीत नाही, त्याने बिबट्यापायी ऊस का काढावा, हा प्रश्न माझ्या मनात होताच.

गेनभाऊंना एक धाकटी बहीण आहे, ठकूबाई. खोडदला दिलेली. तिकडे त्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड थाळ्या आहेत, त्यांच्या अलीकडे तिचं घर. आई लवकर गेली, तेव्हा गेनभाऊंनीच तिला अंगाखांद्यावर खेळवलेली. पूर्वी दर भाऊबीजेला गेनभाऊ तिला आणायला जायचे, आणि ती संध्याकाळच्या गाडीने भावामागून उतरायची ती मोठ्यामोठ्याने बोलतच. तिचं बोलणं आधी घरी पोचायचं आणि मग ती. मग वडील गेले, जमिनीला वारसांची नावं लागली आणि जुन्नरच्या कचेरीत बहिणीची हक्कसोडीची सही घ्यायचा दिवस आला. त्या दिवसापासून ठकूबाई माहेरी आली नाही. आत काय झालं ते दोघांनाच ठाऊक. वस्तीने आपलं ठरवून टाकलं, की बहिणीने हिस्सा मागितला असेल. बहुतेक घरांत असंच होतं, म्हणून कुणी जास्त खोलात गेलं नाही.

आणि मग माझ्या डोक्यात ऊस शिरला.

दुकानामुळे मला शेताकडे बघायला होत नव्हतं. ऊस म्हणजे दुकानदाराचं पीक. एकदा लावला की त्याचा तो वाढतो आणि आपण गावभर शेतकरी म्हणून मिरवतो. मी बेणं ठरवलं, ट्रॅक्टर सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तर ओट्यावर गेनभाऊ. फेटा नाही, टोपी नाही, उघडंबोडकं डोकं.

"इलास, उस लावतूस म्हनं."

"लावतोय की."

"नको लावू."

मी हसलो. म्हटलं, "गेनभाऊ, जन्मभर तुमी उस पिकवला आन् मला पाला लावाया सांगता व्हय?"

ते हसले नाहीत. "मी लावून देतो तुला फुलं. निंदतो मी, पानी मी देतो. पैकं तू घे. तू निस्ता बघ."

"आवो पर कशापायी?"

"बिबट्या..."

"बिबट्याचं मला सांगू नका राव. तुमचं ऐकून बसतोय त्यो."

गेनभाऊ माझ्या शेजारी ओट्यावर बसले. मग म्हणाले, "विहिरीलगतचं माझं काळं रान तू घे. हे फाट्याचं मला दे. बदली करू." त्यांचं विहिरीलगतचं रान म्हणजे लोणी आहे. माझा फाट्याचा तुकडा म्हणजे मुरूम, आणि त्यात बाळूच्या टपरीतले फेकलेले कागदी कप. असा सौदा शहाणा माणूस करत नाही आणि गेनभाऊ व्यवहाराला पक्के. बायको मागून हळूच म्हणाली, "अहो, का ते इचारा तरी नीट."

त्यांनी मला ओट्यावर सांगितलं नाही. वावरात नेलं. शेवंतीच्या दोन सऱ्यांमध्ये उकिडवे बसले आणि खुडलेले शेंडे हातात चुरगाळत बोलायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"कचेरीत लई गर्दी व्हती त्या दिशी. ठकी नवं लुगडं नेसून आलती. मला म्हनली, दादा, सही करते मी. मला कायबी नको. पर दारापुढं एक वाफा माझा म्हनायचा. आले-गेले की शेवंती लावीन, चार फुलं तोडून न्हेईन. एक वाफा. आन् मी... सगळ्या लोकांपुढं म्हनलो, आज वाफा मागतीस, उद्या वावर मागशील. ती कायबी बोलली न्हाई. सही केली. मी भेळ आनली व्हती तिच्यासाठी, तिला आवडती म्हनून. ती तशीच ठिवली बाकावर आन् गाडीला गेली."

गेनभाऊंनी आणखी एक शेंडा खुडला.

"वाटलं, राग हाय, जाईल. भाऊबीज आली. न्यायला जायाला माझं त्वांड न्हवतं. पर पारूला म्हनलं, पाट मांडून ठिव. आली तर आसावा. दिवस मावळंपत्तोर आमी वट्यावर बसलो. ती काय आली न्हाई. त्याच्या फुडच्या सालीबी पाट मांडला. तवाबी न्हाई. मी म्हनलं, तुटलं आता." त्यांनी हातातला चुरा खाली टाकला. "आन् मंग एकदा च्या पिता पिता बाळू मला म्हनतो, तुमच्या ठकूआत्या भाऊबीजंला आल्या व्हत्या की, भेटल्या न्हाईत का?"

बाळूने सांगितलं ते असं. ठकूबाई संध्याकाळच्या गाडीने आली होती. हातात पिशवी, पिशवीत ताट. शेडमध्ये उभी राहून ती घराकडे बघत होती. घर कुठलं, उसाची भिंत दिसत होती. वाट उसातून. त्या दिवसांत त्या उसात बिबट्याची मादी आणि पिल्लं असल्याची बोलवा होती आणि दिवे लागायच्या आत सगळे दारं लावून घेत होते. बाळू म्हणाला, आत्या, पोचवायला येऊ का? तर म्हणाली, "नको रं बाबा. दिसंल त्यांना. येईल कुनी तरी." एक जण जरी बॅटरी घेऊन बाहेर आला असता तरी चाललं असतं. अंधार पडायला लागला आणि परतीची गाडी आली. तिने एकदा उसाकडे बघितलं आणि चढली.

"ती हितं उभी," गेनभाऊ म्हणाले, "आन् मी हितं, पाट मांडून. मधी माझा उस."

म्हणून त्यांनी ऊस काढला. तिने मागितला होता एक वाफा. ह्यांनी सगळं वावर फुलांचं केलं. ठकूबाईची लेक ओतूरला दिली आहे. तिच्याकडे जाता-येता ठकूबाईची गाडी आमच्याच फाट्यावरून जाते. मी म्हटलं, कांदाही बुटकाच असतो की, कांदा लावायचा. तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "कांदा बघून कुनी गाडीतनं मान वळवतं का?"

"पन एकदा जाऊन यायचं तिच्याकडं."

"गेलतो की." ते उठायला लागले. डावा गुडघा धरला होता, मी हात दिला. "वटीवर बसवलं मला. पोरं-बाळं, पाऊसपानी, सगळं इचारलं. आन् आतनं कप घिऊन आली ती म्हनती, पावणं, च्या घ्या." "मी पावणा! जिची नाकं पुसली ती मला पावणं म्हनती. ये कवा तरी म्हनलं, तर म्हनली, बघू. तिच्या दारात येवढाल्या थाळ्या हायेत, आभाळातलं बारीकसारीक ऐकत्यात म्हनं. माझ्या मनातलं मातुर येवढ्याशा अंतरावरनं तिला न्हाई ऐकू ग्येलं. आता बोलवायची न्हाई तिला. एकदा आपल्या पायानं आलती, आता आली तर आपल्या पायानंच यील. फकस्त फाट्याच्या आन् घराच्या मधी काय नको."

उसाचं बेणं मी मेव्हण्याला देऊन टाकलं. रानाची अदलाबदल वगैरे काही केली नाही. तुकड्यात गलांडा लावला. वहिनींनी रोपं दिली, ठिबक मी माझ्या दुकानातून जोडलं. उंचीखात्याचे अधिकारी रोज सकाळी माझ्याही रानात गुडघा घेऊन तपासणीला यायला लागले.

इथपर्यंत मला वाटत होतं की मला सगळं कळलं. गेनभाऊंना फाटा दिसायला हवा, बहीण उतरली तर पळत जाता यायला हवं, एवढा साधा मामला. मग एक दिवस माझी मोटारसायकल बंद पडली. गावाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याची मोटारसायकल बंद पडली, यावर आळेफाट्याला जे विनोद व्हायचे ते झाले आणि मी संध्याकाळच्या एसटीने घरी निघालो. कित्येक वर्षांत मी त्या गाडीने आलो नव्हतो. फाटा जवळ आला तसं खिडकीतून बघितलं आणि बघतच राहिलो. रस्त्याच्या कडेपासून पार घराच्या ओट्यापर्यंत पिवळं, तांबूस, पांढरं असं पसरलेलं, कुठे काही वर आलेलं नाही. घराचं दार सताड उघडं. आणि मधोमध एकटा माणूस, गुलाबी फेट्याचा. गाडीतली माणसं माना वळवून बघत होती. एक बाई म्हणालीसुद्धा, "कोन हाय गं त्यो?"

मी उतरलो आणि हात केला. गेनभाऊ माझ्याकडे तोंड करून उभे होते, पण हात काही हलला नाही. पुन्हा केला. नाही. मला वाटलं, तोऱ्यात आहेत. तरातरा चालत अगदी चार पावलांवर गेलो, तेव्हा मान पुढे काढून म्हणाले, "कोन हाय?"

"मी. इलास."

"आसं व्हय. गाडीतनं आलास? आनखी कोन उतरलं?"

मग एकेक गोष्ट डोक्यात यायला लागली. गुडघ्याने माप. टेप-पट्टी कधीच न वापरणं. टपरीवर लांबून ओळख न देणं, त्यावरून आम्ही त्यांना शिष्ट म्हणायचो ते. "गेनभाऊ, तुम्हाला फाटा दिसत न्हाई?"

"मोतीबिंदू हाय. दोनी डोळ्यात. लई दिस झालं."

"मग आपरेशन करा की!"

"म्हनत्यात, झाल्यावर धुळीत जायचं न्हाई, उन्हात उभं ऱ्हायचं न्हाई, घरात पडून ऱ्हायचं. आन् नेमकी तवाच तिची गाडी ग्येली म्हंजी?"

मला खरंच राग आला. म्हटलं, "आवो, मग येवढा खटाटोप कशापायी? उस काढला, माझा बंद केला, बायकांना रोज उठा-बशा काढाया लावता. तुम्हाला तर काय दिसतच न्हाई!"

"मला न्हाई दिसलं तरी चालंल रं," गेनभाऊ शांतपणे म्हणाले. "तिला मी दिसलो पायजे."

फेटा रोज का, सगळ्यांनी बसायचं का, हे ज्याच्या त्याच्यापुढे टिंगल करून सांगितलं होतं मी; त्याच्यामागे एवढंच होतं. गाडीतून बघणाऱ्या एका म्हातारीला गर्दीत भाऊ शोधावा लागू नये.

परवाची भाऊबीज. पारूवहिनींनी ओट्यावर पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, दरवर्षी काढतात तशीच. तोडणी नव्हती, पण कसं कोण जाणे, सगळे वावरात जमले होते. चाकणचा मुलगा आणि सून होती, माझी बायको होती, टपरी बंद करून बाळूसुद्धा आला होता. गेनभाऊंनी फेटा बांधला. गुडघा फारच दुखत होता, तरी काठी घेतली नाही. म्हणाले, काठीनं म्हातारा दिसतो, ती घाबरंल.

गाडीचा आवाज आला. "बसून घ्या रं," गेनभाऊ म्हणाले. आम्ही सगळे शेवंतीत बसलो. मी मान वर करून बघत होतो. गाडी थांबली. पाठीवर बॅग घेतलेला एक कॉलेजचा मुलगा उतरला, एक नवरा-बायको उतरले. दार लागलं. पण गाडी लगेच हलली नाही, पुढे उसाची ट्रॉली आडवी आली होती. मागच्या बाजूच्या एका खिडकीत डोक्यावर पदर घेतलेली एक बाई होती. खिडकीच्या गजाला हात धरून ती आमच्या वावराकडे बघत होती. चेहरा मला नीट दिसला नाही. ठकूबाई होती असं मी छातीठोक सांगू शकणार नाही. ट्रॉली गेली, गाडी हलली, आणि तरीही तो पदर वळणापर्यंत इकडेच वळलेला होता.

"कोन उतरलं?" गेनभाऊंनी विचारलं.

"आपलं कुनी न्हाई," मी म्हणालो. "पर खिडकीत एक बाई व्हती. पार वळणापत्तोर बघत व्हती."

"कुनाकडं?"

"आता कुनाकडं म्हंजी? आमी सगळे तर खाली बसलो व्हतो."

गेनभाऊंनी फेटा चाचपला, जरा नीट केला आणि हात वर केला. गाडी केव्हाच गेली होती. पारूवहिनी बसल्या जागेवरून हळूच म्हणाल्या, "आवो, ग्येली गाडी."

"आसू दे," गेनभाऊ म्हणाले. हात त्यांनी तसाच वर ठेवला. आम्हाला उठा म्हणायचं त्या दिवशी ते विसरले, आणि आम्हीही कुणी उठलो नाही.